दोन संत, एक कुंडी

आमच्या लातूरकडे मागणी घालायची म्हणजे मोठ्या माणसांनी बैठकीत बसायचं, सुपारी फोडायची, आणि ज्यांचं लग्न आहे त्यांनी आतबाहेर करत चहा पोचवायचा. गुडघा टेकणं वगैरे प्रकार फक्त मारुतीच्या देवळात. त्यामुळे तिशी उलटल्यावर आपण स्वतःच कुणाला तरी विचारायचं आहे हे लक्षात आल्यावर मी घाबरलो, आणि घाबरलेला इंजिनीअर जे करतो तेच केलं. विचारायच्या जागांची एक्सेल शीट उघडली.

आम्ही दोघं नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला नोकरी करतो. ती गोव्याची, शिवोलीची, ख्रिस्ती. (नाव लिहायचं नाही या अटीवर हा मजकूर लिहायची परवानगी मिळाली आहे.) दोन्ही घरांतला आरडाओरडा, अबोला आणि मग समेट हे सगळं आधीच पार पडलं होतं. लग्न होणार हे दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनासुद्धा ठाऊक होतं. राहिलं होतं ते एवढंच, की मी तिला किंवा तिने मला अजून विचारलंच नव्हतं.

शीटमध्ये पहिली नोंद ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाची होती. तिथल्या ओया गावाच्या सूर्यास्ताचे फोटो सुंदर आहेत, पण ते काढणाऱ्यांच्या गर्दीचे फोटो पाहिले आणि ती ओळ लाल केली. मग पॅरिस. सेन नदीवरच्या एका पुलाच्या कठड्याला प्रेमिकांनी इतकी कुलपं लावली की २०१५ मध्ये नगरपालिकेने ती काढली तेव्हा वजन सुमारे ४५ टन भरलं. तीही ओळ लाल.

माझा डाव माहीत नसलेली ती म्हणाली, "मला व्ह्यू नको. जत्रा पाहिजे." मग उन्हाळ्यातल्या जत्रांचा शोध सुरू झाला. फिनलंडमध्ये सोंकायार्वी नावाच्या गावी जुलैत बायको पाठीवर घेऊन पळायची जागतिक स्पर्धा असते. अंतर २५३.५ मीटर, वाटेत पाण्याचा खड्डा, आणि जिंकणाऱ्याला बायकोच्या वजनाइतकी बिअर. बायको शेजाऱ्याची असली तरी नियमात बसते. मी पाण्याच्या खड्ड्यापाशी अडलो, कारण मला पोहता येत नाही. स्पेनमध्ये एका गावात सैतानाचा वेश केलेला माणूस रस्त्यात गादीवर ओळीने निजवलेल्या तान्ह्या बाळांवरून उड्या मारतो. "बघवणार नाही," ती म्हणाली. स्वीडनमध्ये मिडसमरच्या रात्री मुली सात जातींची फुलं उशीखाली ठेवून झोपतात, म्हणजे होणारा नवरा स्वप्नात दिसतो. "आणि दुसराच कोणी दिसला तर?" मी तीही ओळ लाल केली.

शेवटी पोर्तुगाल. तिथे जून महिना संतांचा असतो. १३ तारखेला संत अँथनी, २४ ला संत जॉन, २९ ला संत पीटर. पहिलं नाव ऐकूनच तिने निकाल दिला, "सांत आंतोन? अरे, आमच्या शिवोलीच्या इगर्जीचा संत तो!" (इगर्जी म्हणजे चर्च.) माझ्या शीटला कुणी विचारलं नाही.

११ जून, लिस्बन

विमानतळाच्या तपासणीत माझ्या बॅगेतली मखमली डबी एक्स-रेच्या पडद्यावर स्पष्ट दिसली. तपासणाऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पुढे उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने बॅग पुढे ढकलली. त्या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत.

आम्ही खोली घेतली होती आल्फामात. हा लिस्बनचा जुना, चढणीचा, अरुंद गल्ल्यांचा भाग. जूनमधली खोली जानेवारीतच घेऊन ठेवली होती, तरी दर ऐकून पोटात गोळा आला होता. घरमालकीण आजींनी "शाव्ह" म्हणून हातात चावी ठेवली. पाव, बटाटा, अननस, साबण, चावी, बादली हे शब्द आपण यांच्याकडूनच घेतले, हे शाळेत पाठ केलं होतं. पण पोर्तुगीज आजीच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकताना, दूरच्या नातेवाइकाच्या घरी आपल्याच घरातलं भांडं दिसावं तसं वाटलं.

संध्याकाळी गल्लीत उतरलो तर वर रंगीत कागदी पताका आणि खाली धूर. घराघराच्या दारात लोखंडी शेगडी, तिच्यावर तारल्या भाजत पडलेल्या. त्या पावाच्या जाड तुकड्यावर ठेवून देतात. मासा संपेपर्यंत पाव तेलाने भिजतो, मग तो खायचा. ती दोन बोटांनी काटा अख्खा उचलून बाजूला ठेवत होती. मी मटणात वाढलेला माणूस. तिचे पाच मासे संपले तोवर माझा एकच झाला होता, आणि त्यातही निम्मा काट्यालाच राहिला होता.

१२ जून, लिस्बन

दुपारी कॅथीड्रलसमोर गर्दी दिसली म्हणून थांबलो. आतून एकामागून एक नवरानवरी बाहेर येत होते. मला वाटलं, मुहूर्त दाट आहेत. मग कळलं की हे दरवर्षी १२ जूनलाच होतं आणि खर्च शहराचा असतो. १९५८ मध्ये गरीब जोडप्यांसाठी ही प्रथा सुरू झाली, १९७४ च्या क्रांतीच्या वर्षी बंद पडली आणि १९९७ मध्ये पुन्हा सुरू झाली. आता १६ जोडपी असतात, ११ कॅथीड्रलमध्ये आणि ५ महापालिकेच्या इमारतीत नोंदणी पद्धतीने. थोडक्यात, सामुदायिक विवाह सोहळा! मराठवाड्यात दुष्काळाच्या वर्षांत असे सोहळे मी कितीतरी पाहिलेत, मांडवाच्या कडेला बुंदीच्या पराती असलेले. इथे बुंदी नव्हती आणि फोटोवाले जास्त होते, पण पायरीवर उभ्या असलेल्या नवरीच्या आईचा चेहरा अगदी तोच. पदर असता तर डोळ्यांना लागला असता.

हे सगळं अँथनीच्या नावाने, कारण तो लग्नं जुळवणारा संत. जग त्याला पादुआचा म्हणतं, कारण १२३१ मध्ये तो इटलीत तिथे वारला. पण जन्म लिस्बनचा, आणि लिस्बनकर हे दर दोन वाक्यांनी सांगतात. लग्न लवकर जमावं म्हणून मुली त्याची मूर्ती उलटी टांगतात, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवतात. नवरा मिळाला की सुटका. पाऊस पडेना की महादेवाची पिंड पाण्यात बुडवून ठेवणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

संध्याकाळी माझा बेत होता. सेन्योरा दो मोंती हा लिस्बनमधल्या सगळ्यांत उंच गच्चीवजा जागांपैकी एक, समोर किल्ला, खाली नदी, आणि जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो. डबी खिशात. वर पोचलो तेव्हा एक तरुण गुडघ्यावर होता, त्याच्याभोवती दिव्यांची इंग्रजी अक्षरं, झुडपामागे भाड्याचा फोटोग्राफर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या विरायच्या आत उजवीकडे दुसरा गुडघ्यावर बसला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, पण थोड्या कमी. तिसरा होण्याची माझी हिंमत नव्हती.

"काय भयंकर प्रकार," ती म्हणाली. "इतक्या लोकांसमोर ती नाही कशी म्हणणार?"

मी खिशातला हात बाहेर काढला. तिचं ते वाक्य नंतर मला पुष्कळ दिवस पुरलं. प्रेक्षणीय ठिकाणी माणसं बघायलाच आलेली असतात, त्यामुळे तुम्हीही देखावाच होता. जत्रेत ज्याला त्याला आपापलं काम असतं. हे मला शीट बनवताना सुचायला हवं होतं.

रात्री मोठ्या रस्त्यावर वस्त्यावस्त्यांची संचलनं निघाली. १९३२ पासूनची ही चुरस. प्रत्येक वस्तीचं स्वतःचं गाणं, पोशाख, कागदी कमानी. गणपतीच्या मिरवणुकीत गल्लीगल्लीची जी ईर्षा असते तीच, फक्त रांगेत. आम्ही तासभर पाहिलं आणि आल्फामात परतलो. तिथे पुढे सरकायचं की मागे, हे आपल्या हातात नव्हतं. पहाटे तीनला एका ओट्यावर तिला एक कुंडी दिसली.

त्या रोपाचं नाव मंझेरिकू. ऐकून मला मंजिरीच आठवली, आणि झाडही तुळशीच्याच कुळातलं, बारीक पानांचं, चेंडूसारखं गोल छाटलेलं. त्यात कागदी फूल खोचलेलं आणि एक छोटी झेंडी, तिच्यावर चार ओळींची प्रेमाची चारोळी. या दिवसांत प्रियकराने प्रेयसीला हे द्यायचं. एक नियम मात्र कडक: नाक लावून वास घ्यायचा नाही, नाहीतर रोप कोमेजतं. तळहात हलकेच फिरवायचा आणि तळहात हुंगायचा. मी थेट नाक खुपसलं. विकणाऱ्या बाईंनी अशी काही किंकाळी फोडली की आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले. लग्नं लावणारा संत आणि शेजारी तुळस! आमच्याकडेही तुळशीचं लग्न लागल्याशिवाय माणसांची लागत नाहीत. मी कुंडी घेणार, एवढ्यात ती म्हणाली, "आता नको, अजून किती फिरायचंय, चेंगरेल."

१३ जून, लिस्बन

सकाळी डबी सापडेना.

पँट, जॅकेट, बॅग, गादीखाली, पुन्हा पँट. ती दात घासता घासता विचारत होती, काय हरवलंय. "अडॅप्टर." अडॅप्टर टेबलावर होता. "आमच्याकडे काही हरवलं की सांत आंतोनला सांगतात," ती म्हणाली, "तो शोधून देतो. आणि आज तर त्याचाच दिवस." लग्नं जुळवणं आणि हरवलेलं शोधणं, ही दोन्ही खाती एकाच संताकडे आहेत हे मला तेव्हा कळलं.

त्याचं चर्च कॅथीड्रलच्या अगदी खाली. जन्म झाला त्या घराच्या जागेवर ते बांधलंय असं मानतात. १७५५ च्या भूकंपात पडल्यावर पुन्हा उभं केलेलं. दारात छोटे पाव वाटत होते. एक घरी पिठाच्या डब्यात ठेवला की वर्षभर घरात अन्न कमी पडत नाही. तळघरात उतरलो. मी देव मानत नाही, पण ती समोर डोळे मिटून उभी असताना मी पेटीत हळूच एक युरो टाकला. खोलीवर आल्यावर दाढीचं सामान काढलं तर आत डबी. रात्री सुरक्षित म्हणून मीच ठेवली असणार. तरी जाताना आणखी एक युरो टाकून आलो. कुणाची उधारी ठेवू नये.

१४ जून, काबो दा रोका

युरोप खंडाच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक. सुमारे १४० मीटर उंच कडा, खाली अटलांटिक, वर क्रूस असलेला दगडी स्तंभ. कागदावर यापेक्षा चांगली जागा नाही. प्रत्यक्षात धुकं इतकं की समुद्र फक्त ऐकू येत होता, आणि वारा इतका की तिचा स्कार्फ गेला तो परत दिसला नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती ओरडली, "काय?" मी ओरडलो, "काही नाही!" परतीच्या बसमध्ये दोघंही कुडकुडत होतो.

१५ ते २१ जून, कोइंब्रा

सुट्टी एवढीच होती. उरलेला आठवडा भाड्याच्या खोलीत बसून दोघांनी काम केलं. इंटरनेट बरं होतं.

२२ जून, पोर्तो

रेल्वेने पोर्तो. साव बेंतो स्टेशनात उतरलात तर घाई करू नका. भिंतींवर सुमारे २०,००० निळ्या-पांढऱ्या फरशा, त्यांवर लढाया, राजे, द्राक्षांची तोडणी, पाणचक्क्या. लोक सुटकेस घेऊन माना वर करून एकमेकांवर आदळत असतात.

स्टेशनाबाहेर सगळीकडे एकच वस्तू विकायला: प्लास्टिकचे हातोडे. आपटला की 'पीं' वाजणारे, लहान पोरांच्या खेळण्यासारखे. १९६३ मध्ये मान्युएल आंतोनियु बोआव्हेंतुरा या प्लास्टिक कारखानदाराने हा हातोडा विद्यार्थ्यांच्या 'कैमा दश फीतश' या उत्सवासाठी बनवला. त्या नावाचा अर्थ फिती जाळणं, आणि ही फीत म्हणजे आपलीच फीत. पोरांना हातोडा इतका आवडला की तो त्याच जूनमध्ये संत जॉनच्या रात्री रस्त्यावर आला आणि पुढे तिथेच राहिला. त्याआधी लोक एकमेकांच्या तोंडावर लसणाच्या जातीचं, लांब दांड्याचं उग्र वासाचं फूल फिरवायचे. म्हातारी माणसं अजून तेच फिरवतात, आणि हातोडेवाल्यांकडे नव्या मुलांकडे बघावं तसं बघतात.

आम्ही दोन हातोडे घेतले. यावेळी मी कुंडीही घेतली. ती काही म्हणाली नाही.

२३ जून, पोर्तो

पोर्तोची स्थानिक सुट्टी २४ जूनला कशी आली, याचा किस्सा मला फार आवडला. १९११ मध्ये नव्या प्रजासत्ताकाने प्रत्येक गावाला एक दिवस निवडायला सांगितलं, तेव्हा इथल्या एका वर्तमानपत्राने वाचकांकडूनच मतं मागवली. संत जॉन निवडून आला. देवाला निवडणूक लढवावी लागलेली गावं थोडीच असतील.

अंगठी मी मुद्दाम खोलीतच ठेवली. इतक्या गर्दीत ती खिशात ठेवायची नाही, लिस्बनचा धडा पुरे. म्हणजे आज विचारायचंच नाही असं मनाशी ठरवून निघालो, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

पहिला हातोडा कोपऱ्यावरच बसला. मारणाऱ्या आजी सत्तरीच्या. मी वळून बघितलं तर त्या वाटच बघत होत्या, की हा आता परत मारेल. आपण आजीला कसं मारणार? ती म्हणाली, "मार, नाहीतर त्यांचा अपमान होईल." मी हळूच 'पीं' केलं. आजी खूश झाल्या आणि पुढच्या पोलिसाकडे वळल्या. पोलिसानेही खाल्लं. त्या रात्री डॉक्टर, भंगारवाला, नगरसेवक, सगळ्यांची डोकी सारखीच. होळीच्या रंगासारखंच हे, फक्त दुसऱ्या दिवशी धुवावं लागत नाही.

अंधार पडायला साडेनऊ-दहा झाले. मग कागदी आकाशकंदील सुटायला लागले. आपल्यासारखे टांगलेले नाहीत, खाली ज्योत लावून हवेत सोडलेले. वणव्याच्या भीतीने काही वर्षी त्यांच्यावर बंदीही असते. एकदम पाच-सहा वर गेले की नवे तारे उगवल्यासारखे वाटतात. एक मात्र समोरच्या गच्चीवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरला आणि खालून शंभर माणसं एकसुरात ओरडली. बाराला नदीवर आतषबाजी. १८८६ चा तो दुमजली लोखंडी पूल धुरात अर्धा गायब झाला होता.

दोनच्या सुमाराला ती एका पायरीवर बसली आणि घरचं सांगायला लागली. गोव्यात याच संताचा सण म्हणजे सांजांव. पण तिथे पावसाळा, म्हणून सणही पाण्याचा. डोक्यावर कोपेल, म्हणजे पानाफुलांचा मुकुट, घालायचा, घुमट नावाचं मातीचं वाद्य वाजवत घरोघर जायचं आणि विहिरीत उड्या मारायच्या. येशूची आई मेरी भेटायला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या जॉनने आनंदाने उडी मारली, ती ही उडी. शिवोलीला नदीत सजवलेल्या होड्या येतात. "आणि नव्या जावयाचं मोठं कौतुक असतं," ती म्हणाली. कौतुक कसलं, ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

२४ जून, पोर्तो

रीत अशी की रात्रभर नाचून झाल्यावर नदीच्या काठाने समुद्रापर्यंत चालत जायचं आणि वाळूत बसून सूर्योदय बघायचा. समुद्र पश्चिमेला आहे याने कुणाचं काही अडत नाही. हजारो लोक सूर्याकडे पाठ करून सूर्योदयाची वाट बघतात.

पाच-सहा किलोमीटरची चाल. कुंडी माझ्या हातात, संध्याकाळपासून. गर्दीत ती डोक्यावर धरली होती, हातोड्यांपासून वाचवली होती, आतषबाजी सुरू असताना जॅकेटमध्ये घेतली होती. कागदी फूल केव्हाच पडलं होतं. पूर्वेला उजाडायला लागलं तेव्हा ती ट्रामच्या थांब्याच्या कठड्यावर टेकली.

"दे ती इकडे. दमला असशील."

"दमलो नाही."

"मग काय झालंय? दोन आठवडे बघतेय, काहीतरी बोलायला जातोस आणि गप्प होतोस."

समोरून सात-आठ पोरं हातोडे वाजवत गेली. एकाने जाता जाता दोघांच्याही डोक्यात 'पीं' केलं. कुणी थांबलं नाही, कुणी बघत नव्हतं. मी कुंडी तिच्यापुढे धरली. झेंडीवरची चारोळी मला वाचता येत नव्हती, फोन बंद पडला होता, अंगठी खोलीवर होती. म्हणून साध्या मराठीत विचारलं, लग्न करशील का माझ्याशी. गुडघा टेकला नाही. टेकला असता तर पुन्हा उठता आलं नसतं.

तिने कुंडीवर तळहात फिरवला, तळहात हुंगला.

"हो," ती म्हणाली. "पण आधी बूट काढू दे."

समुद्रावर पोचलो तेव्हा काही जण त्या थंड पाण्यात उतरलेही होते. ती गुडघ्यापर्यंत गेली. मी कोरड्या वाळूत कुंडी सांभाळत बसलो. तिच्या फोनवर थोडी बॅटरी होती. शिवोलीत तेव्हा सकाळचे साडेदहा-अकरा, सांजांवचाच दिवस, बाहेर धो धो पाऊस. तिने आईला फोन लावला, पडद्यावर आधी छत दिसलं, मग कोपेल घातलेला भाचा, मग आई. आई रडली, हसली, भाच्याच्या डोक्यावरचं कोपेल काढून पडद्यासमोर धरलं. मागून कोणीतरी मोठ्याने काहीतरी म्हणालं आणि सगळं घर हसलं.

मग आईने फोन माझ्याकडे द्यायला सांगितलं.

"ते लातूर म्हणजे," तिने विचारलं, "तिथे रेल्वेने पाणी आणलं होतं, तेच ना?"

"हो," मी म्हणालो. "२०१६ ला. मिरजेहून."

आई थोडा वेळ गप्प राहिली. परसातल्या विहिरीचं काहीतरी कोकणीत मागे कुणाला तरी सांगितलं. मग पुन्हा माझ्याकडे वळून, अगदी काळजीच्या आवाजात:

"पोहता येतं ना रे तुला?"